सल्ला हवा: दोन मोठ्या एमटीबी (डोंगरी सायकली) आतच मावतील अशी जुनी गाडी, बजेट पाच लाख

बावधनकर_सायकल:
नमस्कार मंडळी. घरात दोन २९ इंची एमटीबी आहेत, एक मिडियम आणि एक लार्ज फ्रेम, शिवाय लेकाची २४ इंची. रविवारी पहाटे कामशेत, पुरंदर, कधी मुळशीकडे निघतो. सध्या हॅचबॅकला मागे पट्ट्यांचा रॅक बांधतो. त्याने नंबर प्लेट आणि ब्रेकलाइट दोन्ही झाकले जातात, डिकीच्या कडेचा रंग उडालाय, आणि मिसळ खायला थांबलं तरी एकाला गाडीपाशी पहारा द्यावा लागतो. टपावर नको, माझा हात पुरत नाही आणि सोसायटीच्या पार्किंगचं छत खाली आहे.

गाडी जुनीच घ्यायची, पेट्रोल असेल तर बरं. नवऱ्याचं मन मारुतीच्या अर्टिगावर, माझं होंडाच्या जॅझवर. तिघं बसून तिन्ही सायकली आत, हे या बजेटमध्ये जमेल का?

डोंगरकाठी:
ताई, सगळ्यात आधी कंपनी सांगते ते डिकीचे लिटर विसरा. तो आकडा बॅगांसाठी असतो. २९ इंची चाक टायरसकट साधारण ७४ सेंमी उंच असतं. डिकीच्या तोंडाची उंची त्याहून कमी असेल तर सायकल उभी आत जाणारच नाही, आडवी झोपवावी लागेल. आडव्या दोन सायकली एकमेकींवर आल्या की फ्रेम घासणार, डिरेलर (गिअर बदलणारा मागचा भाग) वाकणार. म्हणून टेप घेऊन तीन मापं काढा: तोंडाची उंची, मागच्या दोन चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदी, आणि सीट पाडल्यावर पुढच्या सीटच्या पाठीपर्यंतची लांबी. अख्खी सायकल १८० सेंमीच्या पुढे जाते, पुढचं चाक काढलं की दीड मीटरच्या आसपास येते.

या हिशेबात पाच लाखांत माझं मत रेनॉच्या ट्रायबरला. २०१९ साली आली, लांबी चार मीटरच्या आत, आणि तिसऱ्या रांगेच्या दोन्ही सीट सुट्या निघतात. त्या काढल्या की ६२५ लिटर (घ्या, मीच लिटर सांगतोय). मधली रांग ६०:४० मोडते आणि पुढे उलटतेही. म्हणजे लेक एका सीटवर, उरलेला भाग सायकलींना. आमच्या गाडीत दोन २९ इंची उभ्या राहतात. पुढची चाकं काढून, सीटपोस्ट (सीटची दांडी) पार खाली करून. तुमची तिसरी छोटी आहे, तिचं पुढचं चाक काढून बाजूला बसेल, पण एकदा करून बघितल्याशिवाय शब्द देत नाही.

उणं: १ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, ७२ पीएस. सामान आणि माणसं भरून ताम्हिणी चढताना दुसरा गिअर सोडवत नाही. आणि काढलेल्या त्या दोन सीट फ्लॅटमध्ये ठेवायच्या कुठे, हे घरच्यांना आधी विचारा. आमच्याकडे बाल्कनीत आहेत, त्यावर रोज एक वाक्य ऐकतो.

गिअरतेल:
ट्रायबरला +१. ग्लोबल एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांच्या धडक-चाचणीत, २०२१ ला मोठ्यांसाठी ४ तारे होते, तेव्हाच्या नियमांनुसार. कोणी मारुतीची ईको सुचवायच्या आत सांगतो, बिनएअरबॅगच्या ईकोला २०१६ साली शून्य मिळाला होता. सरकते दरवाजे, उंच छत, स्वस्त पार्ट, सगळं मान्य. पण लेकाला घेऊन घाटात जाणाऱ्यांना मी ती सुचवणार नाही. त्यातून घ्यायचीच तर २०१९ नंतरची, एबीएस आणि चालकाची एअरबॅग असलेली बघा. मागचं बाकडं बोल्ट काढून कायमचं उतरवू नका, आरसीवर आसनसंख्या असते आणि तो बदल कायद्याने मंजुरीशिवाय करता येत नाही.

जॅझप्रेमी_पुणे:
ताईंची बाजू घ्यायला मी आलो. जॅझची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे मागची जमीन खोल आणि सपाट मिळते. मॅजिक सीटचं, म्हणजे पाट वर उचलता येणाऱ्या मागच्या सीटचं, रहस्य तेवढंच. पण सावध: मॅजिक सीट सगळ्या जॅझमध्ये नाहीत. २०१५ च्या मॉडेलला वरच्या व्हेरियंटमध्येच होत्या आणि २०१८ च्या फेसलिफ्टमध्ये काढूनच टाकल्या. जाहिरातीत ‘टॉप मॉडेल २०१९’ वाचून धावू नका. सीटचा पाट हाताने वर उचलून बघा, उचलला नाही तर विषय संपला. चाकं काढून दोन सायकली आणि दोन माणसं, आरामात. तीन माणसं आणि तीन सायकली, नाही हो. प्रेम आपल्या जागी.

अर्टिगावाले_काका:
सूनबाईंच्या यजमानांची निवड चुकीची नाही. पाच लाखांत २०१२ ते १४ ची अर्टिगा मिळते. लांब आहे, घाटात दमत नाही, मेकॅनिक गावोगावी. दोन गोष्टी बघा. सीएनजी असेल तर टाकी मागेच असते, तिच्यामुळे सीट पाडूनही मागे उंचवटा राहतो. तो मधोमध आला की उभी सायकल डुगडुगते. दुसरं म्हणजे टॅक्सीतून पांढऱ्या पाटीवर आलेल्या गाड्या भरपूर फिरतात. आरसीचा इतिहास काढा. मीटर साठ हजार दाखवतोय आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, असं दिसलं तर चहा पिऊन परत या.

डोंगरकाठी:
काका बरोबर. डिझेल चालणार असेल तर आणखी एक आडवळणाची गाडी: रेनॉचीच लॉजी. २०१५ ते २०२० दरम्यान विकली गेली, फारशी खपली नाही म्हणून आता स्वस्त. साडेचार मीटर लांब आणि तिसरी रांग काढता येते. इंजिन रेनॉच्याच डस्टरमधलं १.५ डिझेल, त्यामुळे ते सांभाळणारे मिळतात. दिवे आणि बंपर मात्र शोधावे लागतात. वर्षाला आठ-दहा हजारच किमी होणार असतील तर मी तरी डिझेलच्या वाटेला जाणार नाही.

चेनवरचा_चिखल:
गाडी कुठलीही घ्या, भरायची पद्धत नीट हवी. पुढचं चाक काढलं की हायड्रॉलिक ब्रेकच्या पॅडमध्ये स्पेसर घाला. नसेल तर जाड पुठ्ठ्याची घडी. प्रवासात लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि ट्रेलच्या तोंडाशी स्क्रू ड्रायव्हरने उचकटत बसावं लागतं. आडवी ठेवलीच तर चेनची बाजू वर, दोन सायकलींच्या मध्ये जुनी गोधडी. पेडल काढणार असाल तर डाव्याचे आटे उलटे असतात, जोर लावायच्या आधी आठवा. खाली रबरी मॅट आणि त्यावर ताडपत्री, नाहीतर जुलैनंतर गाडीचा वास जन्मभर जात नाही. आणि सायकली पट्ट्याने बांधा. करकचून ब्रेक लागला तर चौदा-पंधरा किलोची सायकल थेट लेकाच्या सीटवर येईल.

बावधनकर_सायकल:
सगळ्यांचे आभार. नवऱ्याला काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, तो खूश. पण तीन सायकलींचं वाचून तोही ट्रायबरकडे वळलाय. शनिवारी हडपसरला एक बघायला जातोय, २०२० ची, सेकंड ओनर, कर्ज फिटलंय म्हणतात. सायकल सोबत नेली तर विकणारा हसेल का?

गिअरतेल:
हसू दे. लार्ज फ्रेमचीच न्या, आणि तिसऱ्या रांगेच्या सीट त्यांच्याकडून काढून घेऊन परत बसवून बघा. बऱ्याच जणांनी त्या कधी काढलेल्याच नसतात, खटके अडकतात. कर्ज फिटलंय म्हणजे बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात पाहिजे. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेली चलनं ऑनलाइन दिसतात, टोकन द्यायच्या आधी तपासा. विमाही १४ दिवसांत नावावर करायला टाका. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, तो तुम्हाला मिळत नाही, तेव्हा प्रीमियम वाढून येईल असं धरूनच भाव करा.

जॅझप्रेमी_पुणे:
आणि जुनी हॅचबॅक विकणार असाल तर सांगा. रंग उडालेली चालेल, रॅकही ठेवून द्या.