बोट ठेवून, मोठ्याने
सकाळी ध्यान करूनही अकरा वाजेपर्यंत सगळी शांतता उडून जाते, अशी एकाची तक्रार वाचली आणि ती अगदी पटली. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. संध्याकाळी सहा ते नऊ श्वासाकडे लक्ष द्यायलाही उसंत नसते.

मला उपयोगी पडली ती रेल्वेवाल्यांची सवय. जपानमध्ये मोटरमन सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतात, 'शिसा कान्को' म्हणतात त्याला. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९४ च्या प्रयोगात साध्या कामातल्या चुका यामुळे सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्या. आपले लोको पायलट आणि त्यांचे सहायकही सिग्नल असाच पुकारतात.

मी गोळ्यांच्या पट्टीवर बोट ठेवते आणि नाव, मिलिग्रॅम, मुदतीची तारीख हलक्या आवाजात म्हणते. डोळे, बोट, जीभ, कान सगळे एकाच गोष्टीवर आले की मनाला भटकायला जागाच उरत नाही. रांग तेवढीच असते, पण छातीतली धडधड उतरते. पहिले आठ दिवस मात्र गिऱ्हाइकांसमोर फार संकोच वाटला.

परवा एका आजोबांसाठी रक्तदाबाच्या २.५ च्या गोळीऐवजी ५ ची पट्टी हातात आली होती. 'पाच' तोंडातून निघाला आणि हात तिथेच थांबला.