मुलीच्या टीचरने तिला सोप्रानोवरून मेझोत टाकलं, हे डिमोशन आहे का?

न्यूजर्सीची_आई:
लेक १५ वर्षांची आहे, तीन वर्षं वेस्टर्न व्होकल शिकतेय (आम्ही घरचे सगळे भावगीतवाले, ऑपेरातलं मला ओ की ठो कळत नाही). परवा टीचर म्हणाल्या तुझा आवाज सोप्रानो (म्हणे बायकांचा सगळ्यात वरचा) नाही, मेझो-सोप्रानो (त्याच्या खालोखालचा) वाटतोय. तेव्हापासून बाईसाहेब फुरंगटून बसल्यात, म्हणे आता हिरॉइन कधीच नाही, कायम सासू नाहीतर सवत नाहीतर चेटकीण. खरंच असं असतं का? मेझो म्हणजे आपल्या गंगूबाई हंगलांसारखा आवाज का? अशी कोणी गाजलेली गायिका असेल तर सांगा, तिला दाखवते.

खर्जातला_सा:
नाही हो ताई, गंगूबाईंचा खूपच खालचा. आणि आपल्याकडे सा झेपेल तिथे लावता येतो, ऑपेरात संगीतकाराने लिहिलेला सूर सहसा आहे तिथेच गायचा, म्हणून आवाजाची जात आधी ठरवतात. मेझोला वरचे सूर लागत नाहीत असं अजिबात नाही, लागतात, पण तासभर तिथेच राहायला लावलं की दमछाक होते, एवढाच फरक.

नाव हवंय ना, मग मेरिलिन हॉर्न. जन्म १९३४, पेनसिल्व्हेनियातलं ब्रॅडफर्ड, पण वाढली कॅलिफोर्नियात. आणि लेकीला आधी हे सांगा की ही बाई सुरुवातीला सोप्रानोच होती! १९५६ ला संगीतकार स्ट्राविन्स्कीने व्हेनिसच्या फेस्टिव्हलला बोलावलं, मग तिकडेच राहून जर्मनीत गेल्सनकिर्शेनच्या ऑपेरात तीन सीझन नोकरी केली आणि तिथे ला बोहेम या ऑपेरातल्या मिमीसारखे पक्के सोप्रानो रोल गायली. १९६१ ला न्यूयॉर्कमध्ये बेल्लिनीच्या एका ऑपेरात जोन सदरलँड या सोप्रानोबरोबर गायली आणि ती जोडी जी जमली ती जमलीच. १९७० ला मेटमध्ये (न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा) पहिलं पाऊल टाकलं तेही तिच्याच सोबत, नॉर्मा या ऑपेरात सदरलँड नॉर्मा आणि ही अदालजीसा. म्हणजे रोल सवतीचाच बरं का, पण दोघींचं ते ड्युएट ऐका आणि मग सांगा दुय्यम कोण.

नाट्यवेडा:
सासू-सवत राहू दे, मेझोंची खरी चंगळ पुरुषपार्टात असते! आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून उभे राहायचे ना, त्याच्या बरोब्बर उलट, इथे बाई चिलखत घालून तलवार उपसते. कारण जरा क्रूर आहे, जुन्या ऑपेरात नायक गायचे ते कास्त्राती, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच ज्यांचं ऑपरेशन केलेलं असायचं ते. हँडेलने १७११ ला रिनाल्दो हा ऑपेरा लिहिला तो अशाच एका गायकासाठी. पुढे ती प्रथा मागे पडली तशी रोसिनीने वीरांचे रोल सरळ खालच्या आवाजाच्या बायकांना दिले, तान्क्रेदी, सेमिरामिदे या ऑपेरातला आर्साचे वगैरे. नंतर हे सगळं बासनात गेलं होतं आणि विसाव्या शतकात ज्यांनी परत बाहेर काढलं त्यांत हॉर्नचं नाव अगदी वर. मेट सुरू झालं १८८३ ला आणि तिथे हँडेलचा पहिला ऑपेरा कधी? १९८४! रिनाल्दोच, आणि रिनाल्दो झाली हॉर्न. ताना तर अशा की बडा ख्याल ऐकणाऱ्यानेही मान डोलवावी.

न्यूजर्सीची_आई:
अरे वा हे भारी आहे. पण कार्मेन ऑपेरातली कार्मेन पण मेझोच असते ना? ती तर हिरॉइन.

खर्जातला_सा:
असतेच की! आणि त्यातही हॉर्न आहे. त्याच ऑपेरावरून काढलेल्या १९५४ च्या कार्मेन जोन्स सिनेमात डोरोथी डँड्रिज ही कृष्णवर्णीय नटी पडद्यावर आहे, गाणारा आवाज मात्र विशीतल्या हॉर्नचा. पुढे १९६० ला तिने लग्न केलं हेन्री लुईसशी, तो कृष्णवर्णीय कंडक्टर, आणि तेव्हा अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत असं लग्न बेकायदेशीर होतं, ते १९६७ पर्यंत. संसार शेवटपर्यंत टिकला नाही पण तिच्या गाण्यावर त्याचा हात मोठा. आणि हा लुईस १९६८ ला तुमच्या न्यू जर्सी सिंफनीचाच म्युझिक डायरेक्टर झाला होता!

कडू_कारलं:
सगळं ठीक आहे पण १५ व्या वर्षी शिक्का मारायची घाई कशाला? खालचे आवाज बसायलाच पंचविशी येते. हॉर्न सोप्रानोतून आली हे वाचून कोणी उलटं पण जाऊ शकतं ना. टीचरना एवढंच विचारा की 'मेझो' म्हणजे आत्तापुरतं सोयीचं म्हणताय की कायमचं, आणि वरचे सूर बंद करू नका म्हणावं.

न्यूजर्सीची_आई:
विचारते. काल गाडीत हॉर्नचं काहीतरी लावलं होतं, पोरगी एक अक्षर बोलली नाही पण फोन खाली ठेवला होता. सेमिरामिदेचं कुठलं रेकॉर्डिंग घेऊ?

नाट्यवेडा:
१९६६ चं, सदरलँड-हॉर्न, कंडक्टर बॉनिंग. त्यात सदरलँड आई आणि हॉर्न तिचा मुलगा आहे, हे आधी सांगून ठेवा नाहीतर दोन बायका का भांडतायत म्हणून गोंधळ होईल. आणि पोरगी फारच रुसली असेल तर सेसमी स्ट्रीटमध्ये हॉर्नने बिस्किटावरचं गाणं ऑपेरा स्टाइलने म्हटलंय ते लावा.