आत्याच्या वहीतलं पान मृत्युपत्र म्हणून चालेल का?

कातळावरची (पनवेल):
आत्या ७९ वर्षांची, देवगड तालुक्यात एकटी राहते. निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नवरा लग्नानंतर चार वर्षांतच गेला, मूलबाळ नाही. माहेरच्या गावातच राहिली. पगारातून साठवून १९८८ साली तिने २२ गुंठे कातळ घेतला, सुरुंग लावून खड्डे काढले, डोक्यावरून माती नेली आणि हापूसची कलमं लावली.

गेल्या गणपतीत तिने कपाटातून वही काढून दाखवली. रेघी पानावर निळ्या शाईत लिहिलंय: बाग मला आणि माझ्या भावाला, खळ्याकडच्या पायरीचे आंबे शेजारच्या मावशींना, त्या असेपर्यंत. खाली सही, तारीख. साक्षीदार एकच, तोही माझा भाऊ. स्टॅम्प वगैरे काही नाही.

वकिलाकडे जाऊया म्हटलं तर म्हणते, "माका कोण आसा? भावाच्याच पोरांक जातला. कागद कित्याक व्हयो?" मग लिहिलंस कशाला, असं विचारलं तर चहा ठेवायला उठली.

दिराचे दोन मुलगे आहेत. चाळीस वर्षांत उंबरा चढले नाहीत, पण मे महिन्यात एकजण गाडी घेऊन आला, बागेत फिरला आणि जाताना, "काकी, सातबारा कोणाच्या नावावर?" तेव्हापासून मला झोप नाही.

राजापूरकर वकील:
आत्याबाईंचा हिशेब इथेच चुकतोय. मृत्युपत्र नसेल तर निपुत्रिक विधवेची स्वकष्टाची मिळकत हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम १५ प्रमाणे आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणजे त्या गाडीवाल्याकडे आणि त्याच्या भावाकडे. आईवडिलांकडून वारशाने आलेलं असतं तर वडिलांच्या वारसांकडे गेलं असतं, पण पगाराची बाग त्यात बसत नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण होतं. त्या बाईंचा नवरा लग्नानंतर तीन महिन्यांत गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरी शिकून त्यांनी नोकरी केली. तरी त्यांची कमाई नवऱ्याच्या वारसांनाच मिळाली.

आता ते पान. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक. पण भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, कलम ६३ ला किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने त्यांना सही करताना पाहिलेलं हवं, नाहीतर "ही माझीच सही" असं त्यांनी त्याला सांगितलेलं हवं, आणि साक्षीदाराने त्यांच्यासमोर सही करायची. दोघं एकाच वेळी हजर हवेत असं नाही. तुमच्याकडे एकच आहे, म्हणून आज त्या पानाला किंमत नाही. आत्याबाई धडधाकट आहेत तोवर नव्याने लिहून घ्या. भावाला साक्षीदार करू नका. हिंदूंमध्ये तेवढ्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, पण समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवील.

पडवीतला:
आमच्या वडिलांचं मृत्युपत्र नोंदणीकृत होतं. साक्षीदार दोघे वडिलांचेच मित्र, त्यांच्याच वयाचे. दावा उभा राहिला तेव्हा एक वारलेला, दुसऱ्याला स्मृतिभ्रंश. नोंदणी असली तरी साक्षीदार हयात असेल तर किमान एकाला कोर्टात उभं करावंच लागतं. आमचा वेळ हस्ताक्षरं सिद्ध करण्यात गेला. तरुण माणसं घ्या, गावातच राहणारी. वयाचा प्रश्न आहे, तेव्हा त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. चालवत नसेल तर दुय्यम निबंधक घरी येऊनही नोंदणी करतात, तसा अर्ज द्यायचा.

तिठ्यावरचा:
नुसतं "माझी बाग" नको, गट नंबर, हिस्सा नंबर घाला. आणि सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात कूळकायद्याचा शेरा नाही ना, ते आधी बघा.

कातळावरची:
सातबारा काढला, शेरा नाही. रविवारी आत्याला त्या २००९ च्या बाईंची गोष्ट वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिचा पगार होतो गो." आणि चष्मा शोधायला लागली.

साक्षीला पोस्टातला मुलगा आणि अंगणवाडीच्या ताई तयार आहेत. मी टाइप करून नेलेला मसुदा तिने लाल पेनाने तपासून परत दिलाय, तीन वेलांट्या चुकल्यात म्हणून. पायरीचं कलम राहून गेलं होतं, तेही समासात घातलंय.