मदत हवी आहे: शेजारच्या वाडीत कोंबड्यांना मर लागली आहे, आमच्या कशा वाचवू?

परडेवाली

नमस्कार. मी कुडाळ तालुक्यातल्या एका गावात राहते. घरामागच्या परड्यात आमच्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. सात गावठी, चार गिरिराज. विकायला नाहीत, घरातल्या अंड्यांपुरत्या आहेत. शिवाय सासूबाईंचा त्यांच्यावर फार जीव आहे. प्रत्येकीची खोड त्यांना ठाऊक असते.

ओढ्यापलीकडच्या वाडीत एका घरच्या कोंबड्या पटापट गेल्या. हिरवट पातळ हगवण, माना वाकड्या, पंख गळलेले. सगळे मानमोडी म्हणतात. मग त्याच वाडीत आणखी दोन घरांतल्या गेल्या. आमच्याकडे अजून एकही आजारी दिसत नाही, पण अंडी अचानक कमी झाली आहेत. मिळतात त्यांतली काही इतक्या पातळ कवचाची की उचलतानाच पिचतात. काल एक तर नुसतं पापुद्र्यातच मिळालं. हे पावसामुळे होतंय की रोगाची सुरुवात आहे? रात्री झोप लागत नाही, म्हणून इथे विचारते आहे.

लसीचं विचारलं तर कळलं की एका कुपीत शंभर पक्ष्यांची लस असते आणि ती एकदा मिसळली की थोड्या वेळात संपवावी लागते. बारा पक्ष्यांसाठी ती कशी घ्यायची?

बाकीचं सांगते. खुराडं लाकडी, पडवीला लागून, जमिनीवरच आहे. आत भाताचं तूस घालतो, पण पावसात दोन दिवसांत ते ओलं होऊन वास मारतं. खायला कणी, कोंडा, उरलेला भात. एरवी दिवसभर परड्यात चरून किडे-वाळवी खायच्या, आता पाऊस लागला की आतच असतात. अधूनमधून खुराड्यात बलक सांडलेला दिसतो, टरफल मात्र कुठेच नसतं. आणि एक गावठी खुडूक होऊन बसली आहे. सासूबाई म्हणतात, रवणीला बसवू, म्हणजे अंडी उबवायला. माझं मन होत नाही.

गोठ्यातला

ताई, आधी एक करा. आजपासून कोंबड्या बाहेर सोडू नका आणि त्या वाडीतलं कोणी परड्यात येऊ देऊ नका. रोग विष्ठेतून, चपलांच्या चिखलातून, खाण्याच्या भांड्यांतून पसरतो. खुराड्याकडे जायला वेगळ्या चपला ठेवा. बाजारातून आणलेली किंवा कोणी दिलेली कोंबडी या दिवसांत घेऊ नका.

आणि हे सांगा: कोणी तोंड उघडून श्वास घेते का? घरघर ऐकू येते का? विष्ठेचा रंग कसा आहे?

परडेवाली

दादा, घरघर नाही. विष्ठा नेहमीसारखीच आहे. खाणं-पिणंही व्यवस्थित.

वैरणवाला

मी पशुधनाच्याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मानमोडी म्हणजे रानीखेत. हा विषाणूचा रोग आहे, त्यामुळे एकदा झाला की औषध नाही. प्रतिजैविकं घालून पैसे वाया जातात. लस हाच इलाज, आणि ती निरोगी पक्ष्यांनाच द्यायची. तुमच्या कोंबड्या आज निरोगी दिसतायत, म्हणजे वेळ गेलेली नाही. पण लस दिल्यावर अंगात ताकद यायला आठ-दहा दिवस जातात, तोवर कोंबड्या बंदच ठेवा.

पातळ कवचाबद्दल तुमची भीती अगदीच निराधार नाही. रानीखेतमध्येही अंडी घटतात आणि बेढब किंवा मऊ येतात. पण तुम्ही लिहिलेलं खाणं वाचून मला कॅल्शियमची शंका आधी येते. अंड्याचं कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं असतं आणि ते तयार व्हायला सुमारे वीस तास लागतात. कणी, कोंडा आणि भातात ते नावापुरतंच असतं. पावसात चरणं थांबलं, ऊन मिळेना, म्हणजे कॅल्शियम अंगी लावणारं ड जीवनसत्त्वही घटलं. तुमच्या भागात खाडीतल्या तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या शिंपल्या मुबलक मिळतात. धुवून, वाळवून, जाडसर कुटा आणि वेगळ्या भांड्यात ठेवा, खाण्यात मिसळू नका. जिला हवं ती हवं तेवढं खाते. त्यासोबत बाजारातलं अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य निम्मं तरी द्या. सुकी मासळी देत असाल तर खारवलेली देऊ नका.

अंडी कमी होण्याला उजेडही कारणीभूत आहे. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला चौदा ते सोळा तास प्रकाश लागतो. आभाळ भरलेलं आणि खुराडं अंधारं, मग तेवढा मिळत नाही. पहाटे थोडा वेळ साधा बल्ब लावा.

शिंपल्या आठवडाभर देऊनही कवच सुधारलं नाही, किंवा एकही कोंबडी सुस्त, मान खाली घालून बसलेली दिसली, तर तिला लगेच वेगळी करा आणि डॉक्टरांना कळवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू देऊ नका, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. पलीकडच्या वाडीतही हे सांगा.

चिव्याचं बेट

बलक सांडलेला आणि टरफल गायब, म्हणजे बहुतेक कोंबडीच अंडी खाते आहे. पातळ कवचाचं अंडं फुटलं की चव लागते. चोचीला सुकलेला बलक कोणाच्या लागलाय ते संध्याकाळी बघा. अंडी दिवसातून दोनदा काढा, अंडी घालायची जागा अंधारी करा आणि तिथे एक खोटं, दगडी अंडं ठेवा. चोच मारून काही मिळेना की सवय मोडते. कवच घट्ट झालं की बरंच आपोआप थांबेल.

मुंगूस असेल तर टरफलं बाहेर विखुरलेली सापडतात. त्याला विष घालू नका, तो वन्यजीव कायद्याने संरक्षित प्राणी आहे. जाळी अर्ध्या इंचाची आणि जाड बसवा, नेहमीची पातळ षट्कोनी जाळी तो वाकवतो.

खुराड्याचं मात्र मनावर घ्या. जमिनीवरचं खुराडं कोकणात पावसाळ्यात कोरडं राहूच शकत नाही. चार खांबांवर अडीच-तीन फूट उचला, तळाला चिव्याच्या (बांबूच्या) पट्ट्या थोडी फट ठेवून मारा, विष्ठा खाली पडते. तूस आणि त्याचा वास, दोन्ही जातील. एक बाजू झापांनी झाका, दोन मोकळ्या ठेवा. कोंबड्यांना गारव्यापेक्षा कोंडलेली ओली हवा जास्त बाधते.

परडेवाली

खूप आभार. शिंपल्या आजच कुटायला घेतल्या. खुडूक कोंबडीचं कोणी सांगाल का?

आजीचं डालगं

सूनबाई, सासूबाईंचं म्हणणं मोडू नका असं मला वाटत होतं, पण या वेळी तुमचंच बरोबर आहे. वाडीत रोग असताना एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली तर ती तगणार नाहीत. आणि ओल्या जागेत पिल्लांना रक्ती हगवण लवकर लागते. सासूबाईंना सांगा, दिवाळीनंतर हीच कोंबडी दहा-बारा अंड्यांवर बसवू, तेव्हा हवाही कोरडी असते.

तोवर खुडूक मोडायला पाण्यात बुडवायची जुनी रीत करू नका, पावसात जीव जाईल. तळाला पट्ट्या असलेल्या उंच पिंजऱ्यात, खाली तूस-गवत काही न घालता, तीन-चार दिवस ठेवा. दाणा-पाणी समोर असू दे. पोटाखाली वारा लागला की उठते.

वैरणवाला

लसीचं राहिलं होतं. तुमच्या वाडीतल्या सगळ्या घरांची यादी करा. प्रत्येकाकडे पाच-दहा असल्या तरी शंभर सहज भरतील, मग दवाखान्यातून एकच कुपी मागवा. अंड्यावरच्या कोंबड्यांना लासोटा ही डोळ्यात टाकायची लस देता येईल का ते डॉक्टरांना विचारा. पंखाखाली टोचायच्या आर-टू-बी लशीने काही दिवस अंडी घटतात. कुपी थर्मासमध्ये बर्फात ठेवून आणा, उन्हात अजिबात नको. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात गेल्या की सुरू करा, म्हणजे पकडायला धावपळ नाही. डोळ्यात एक थेंब टाकायचा, डोळा मिटेपर्यंत कोंबडी धरून ठेवायची आणि मगच सोडायची. दोन तासांच्या आत सगळी घरं उरका, उरलेली लस दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. पलीकडच्या वाडीत जाऊन आलेल्या माणसाने या कामाला हात लावू नये.