मदत हवी आहे: लिनक्स मिंटच्या खालच्या पट्टीवरून उघड्या फाइल्स गायब, घड्याळ डावीकडे सरकलंय

नमस्कार. प्रश्न सिंधुदुर्गातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचा आहे. ड वर्गाचं छोटं वाचनालय, साडेचार हजारांच्या आसपास पुस्तकं आणि एकच कॉम्प्युटर. ग्रंथपाल काका ६८ वर्षांचे आहेत. दाखल रजिस्टरातली एकेक नोंद ते गेलं वर्षभर लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारखा प्रोग्राम) मराठीत चढवताहेत, रोज संध्याकाळी, कुणी न सांगता. म्हणून हे लवकर सुटावं असं मनापासून वाटतं.

मशीन जुनं आहे: तिसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला लागणारा टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि नव्या पिढीचा प्रोसेसर यात नाही. म्हणून दिवाळीत गावी गेले तेव्हा विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवून दिली. काकांना ती लगेच जमली.

शनिवारी दुपारी दोनतीन मुलं कॉम्प्युटरवर बसली होती. त्यानंतर खालची पट्टी बिघडली. आत्ताची अवस्था अशी: मेनूचं बटण डाव्या कोपऱ्यात जागेवर आहे, पण घड्याळ, आवाजाचं चिन्ह, नेटवर्क हे सगळं त्याला चिकटून डावीकडे आलंय. उजवीकडचा भाग नुसता रिकामा. मराठी-इंग्रजी दाखवणारा छोटा झेंडा नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उघडलेली फाइल पट्टीवर दिसतच नाही. काकांनी कॅल्क मिनिमाइज केलं आणि फाइल कुठेच दिसेना. ते घाबरले, बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, आणि सेव्ह न केलेल्या तीसेक नोंदी गेल्या. आता ते प्रत्येक पुस्तकानंतर फाइल सेव्ह करून बंद करतात, पुढच्या पुस्तकाला पुन्हा उघडतात.

मी पुण्यात असते, व्हिडिओ कॉलवर बघून सांगते. काल ‘ॲड न्यू पॅनेल’ (पॅनेल म्हणजे ही पट्टीच) करून पाहिलं, तर पडद्यावर एक वेगळीच आखूड रिकामी पट्टी आली, ती अजून तिथेच आहे. टर्मिनलमध्ये टाइप करायला लावणं काकांना जड जाईल. माउसने होईल असा उपाय हवा आहे.

प्रतिसाद १
आधी काकांना आजच एक गोष्ट सांगा: ऑल्ट दाबून धरायचं आणि टॅब दाबायचं. मिनिमाइज केलेल्या खिडक्याही त्यात दिसतात. फाइल हरवलेली नसते, तिच्याकडे जायचं बटण फक्त गेलेलं असतं. पट्टी दुरुस्त होईपर्यंत तेवढ्यावर काम चालेल आणि पुन्हा नोंदी जाणार नाहीत.

प्रतिसाद २
एकदा हेही तपासा, की फाइल दुसऱ्या वर्कस्पेसवर, म्हणजे त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या आभासी पडद्यावर तर गेली नाही ना. कंट्रोल, ऑल्ट आणि उजवा बाण दाबला की पडदा बदलतो, आणि मुलांच्या हातून तो सहज दाबला जातो.

धागाकर्ती
ऑल्ट-टॅबने फाइल आली! काकांनी लगेच वहीत लिहून घेतलं. वर्कस्पेस बदलून पाहिलं, तिकडे काही नाही. तेव्हा कारण ते नसावं.

प्रतिसाद ३
ताई, वर्णनावरून नक्की काय झालंय ते कळतंय. एक्सएफसीईची पट्टी म्हणजे सुट्या वस्तूंची माळ असते. मेनू एक वस्तू, घड्याळ दुसरी, आणि उघड्या खिडक्यांची नावं दाखवणारी ‘विंडो बटन्स’ ही तिसरी. बहुतेक वस्तूंवर राइट क्लिक केलं की ‘रिमूव्ह’ येतं, आणि पुढच्या प्रश्नाला हो म्हटलं की ती गेली. तुमच्याकडे तीन वस्तू गेल्यात: विंडो बटन्स, कीबोर्ड लेआउट्स (म्हणजे तो झेंडा), आणि एक सेपरेटर.

या सेपरेटरकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण तो दिसतच नाही. पारदर्शक असतो आणि त्याच्या सेटिंगमध्ये ‘एक्स्पँड’वर खूण असते. मधली सगळी मोकळी जागा तो खातो आणि घड्याळाला उजव्या टोकाला ढकलून धरतो. तो गेला की उजवीकडचं सगळं डावीकडे येऊन बसतं. तुमचं घड्याळ म्हणूनच सरकलंय. घड्याळाला काहीही झालेलं नाही.

पट्टीच्या रिकाम्या भागावर राइट क्लिक करा, पॅनेल, मग पॅनेल प्रेफरन्सेस. वर पॅनेलची निवड असते. तिथे ‘पॅनेल २’ निवडून शेजारचं वजाचं बटण दाबा, कालची रिकामी पट्टी जाईल. वजा दाबण्याआधी पॅनेल २ च निवडलंय ना, हे दोनदा बघा. मग पॅनेल १ वर येऊन ‘आयटम्स’ या टॅबमध्ये जा आणि अधिकच्या बटणाने त्या तिन्ही वस्तू घाला. त्या यादीच्या तळाशी, म्हणजे पट्टीवर घड्याळाच्याही पलीकडे पडतील. तसं झालं तर गोंधळू नका. वरच्या बाणाने विंडो बटन्स मेनूच्या खाली आणा, त्याच्या खाली सेपरेटर, बाकीचं त्यानंतर. शेवटी सेपरेटरवर डबल क्लिक करून एक्स्पँडवर खूण करा. त्या क्षणी घड्याळ उजवीकडे जाताना दिसेल.

धागाकर्ती
रात्री साडेनऊला कॉलवर बसलो. पॅनेल २ गेलं. तिन्ही वस्तू घातल्या. एक्स्पँडवर खूण केली तरी घड्याळ हललं नाही, कारण यादीत दोन सेपरेटर आहेत आणि आम्ही मेनूशेजारचा जुना उघडला होता. त्यामुळे मेनूनंतरच मोठी पोकळी झाली. तिथली खूण काढून खालच्याला केली, आणि घड्याळ कोपऱ्यात गेलं.

दोन प्रश्न उरलेत. काकांच्या तीन कॅल्क फाइल्स उघड्या असल्या की एकच बटण दिसतं, त्यावर दाबल्यावर यादी येते. त्यांना तिन्ही नावं समोर हवीत. दुसरं, पट्टी फार बारीक वाटते, घड्याळ वाचायला त्यांना पडद्याजवळ वाकावं लागतं.

प्रतिसाद ३
विंडो बटन्सच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘विंडो ग्रुपिंग’ आहे, ते ‘नेव्हर’ करा. त्याच ठिकाणी ‘शो बटन लेबल्स’वर खूण असू द्या, नाहीतर नुसती चित्रं दिसतील. जाडीसाठी पॅनेल प्रेफरन्सेसच्या पहिल्या टॅबमध्ये ‘रो साइझ’ आहे. ४० पासून सुरुवात करा, चिन्हं आपोआप त्या मापाची होतात. घड्याळाचा फाँट मात्र घड्याळाच्या प्रॉपर्टीजमधून वेगळा मोठा करावा लागतो.

प्रतिसाद ४
हे सगळं झाल्यावर प्रेफरन्सेसच्या खिडकीत ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ असं बटण दिसतं का बघा. नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एक्सएफसीई पॅनेल प्रोफाइल्स हा प्रोग्राम बसवा. आत्ताची मांडणी काकांच्या नावाने जपून ठेवता येते. पुढे कधी बिघडली, तर नाव निवडून लागू करायची. आणि पहिल्या टॅबमधल्या ‘लॉक पॅनेल’वरही खूण करा. त्याने पट्टी ओढून हलवता येत नाही. पण वस्तू काढून टाकणं थांबेल या भरवशावर राहू नका.

माझ्या मते मुलांना कॉम्प्युटर नाकारू नये. गावात त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार? सिस्टिम सेटिंग्जमधल्या ‘लॉगिन विंडो’त गेस्ट सेशनला परवानगी देता येते. मुलं गेस्ट म्हणून आत आली की त्यांनी काहीही हलवलं तरी काकांच्या खात्यातली पट्टी तशीच राहते, आणि बाहेर पडताच गेस्टमधलं सगळं पुसलं जातं. मुलांनी काढलेलं चित्र ठेवायचं असेल तर ते आधी पेन ड्राइव्हवर घ्यायला सांगा.

धागाकर्ती
सगळं झालं. ग्रुपिंग बंद केलं, रो साइझ ४४ केली, घड्याळाचा फाँट १६. झेंडाही दिसतोय आणि ऑल्ट-शिफ्टने बदलतोय. बॅकअपचं बटण होतं, मांडणी जपून ठेवली. कॅल्कमध्ये दर पाच मिनिटांनी रिकव्हरीची माहिती जपण्याची सेटिंगही चालू केली, ती टूल्स, ऑप्शन्स, लोड-सेव्हमध्ये मिळाली.

गेस्ट सेशन उद्या काकांसमोर चालू करणार आहे, कारण ते मुलांना समजावून सांगायचं काम त्यांनाच करायचंय. ज्या मुलाच्या हातून पट्टी गेली तो स्वतःहून येऊन काकांना सांगून गेला. काकांनी त्याला गेलेल्या तीस नोंदींपैकी दहा पुन्हा चढवायला शेजारी बसवलंय.

प्रतिसाद ३ आणि ४, तुम्ही दोघांनी खूप वेळ दिलात, मनापासून आभार.