मदत हवी आहे : जुन्या घरकुलांची वस्ती दुरुस्त करायची आहे, आधी काय हातात घ्यावं? (वणी तालुका)

नमस्कार मंडळी,

मी ग्रामपंचायत सदस्य आहे. माझ्या वॉर्डात इंदिरा आवासची २८ जुनी घरकुलं आहेत, समोरासमोर दोन ओळी. एक खोली, मागं चुलीपुरता आडोसा, वर स्लॅब. नवीन घरकुल यांना मिळत नाही, कारण कागदावर घर पक्कं. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवासात केंद्राच्या नियमानं मूळ अनुदान १ लाख २० हजार, पण ते बेघरांना आणि कच्च्या घरवाल्यांना. म्हणजे ज्याच्या डोक्यावर गंजलेल्या सळ्या लोंबून राहिल्या तो पक्क्या घराचा मालक! असो.

उन्हाळ्याचं विचारू नका. मे महिन्यात रात्री अकराला खाटेवर उभं राहून स्लॅबला हात लावला तर चटका बसतो. सगळा मोहल्ला रस्त्यावर झोपतो. पावसाळ्यात भिंतींना कमरेपर्यंत ओल. जमीन काळी, त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या भेगा गेल्या आहेत. उन्हाळ्यात त्यात बोट जातं, पावसाळ्यात मिटतात. लोक दरवर्षी सिमेंट भरतात, दरवर्षी ते गळून पडतं.

माझा खरा राग रस्त्यावर आहे. जुना न खोदता त्यावर थर, पुन्हा थर. आता उंबरठे रस्त्याच्या खाली गेले. पाणी आत येऊ नये म्हणून लोकांनी दारातच विटांचे बांध घातले आणि म्हाताऱ्या बाया ते ओलांडताना पडतात.

एक ठेकेदार म्हणतो सगळ्यांवर टिनाचं शेड टाका. दुसरा म्हणतो पाडून नवीन बांधा. पाडायला माझं मन होत नाही, पैसाही नाही. प्रत्येक घर फार तर दहा-पंधरा हजार घालेल. आधी ऊन की आधी पाणी? स्लॅबवर चुना मारलेला टिकतो का? पश्चिमेला झाडं लावली तर चालतील?

काळी_जमीन :
ताई, आधी पाणी. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. त्या भेगा पायाच्या हालचालीच्या आहेत, वरून सिमेंट भरून थांबणार नाहीत. घराभोवती तीन फूट रुंदीत वीतभर काळी माती काढा, मुरूम ठोकून भरा, वर कोबा करा, उतार भिंतीपासून बाहेर. स्लॅबचं पाणी त्याच्याही पलीकडे पडलं पाहिजे. सांडपाणी जमिनीत जिरवायचा शोषखड्डा भिंतीला लागून अजिबात नको. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, खाली मुरूम लागेपर्यंत जावं लागतं. मुरूम फार खोल असेल तर खड्ड्याचा नाद सोडा, नालीच करा.

पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीत ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. सांडपाण्याची नाली त्यात बसायची. रस्त्याचा पुढचा थर मंजुरीला आला की अंदाजपत्रकात जुना रस्ता खोदून काढण्याची बाब आहे का, ते ग्रामसभेत विचारा. नसेल तर ठराव होऊ देऊ नका.

चुना मारा, बिनधास्त. फेविकॉल घालून दोन हात, मार्चमध्येच. पावसात बराच धुपतो, दरवर्षी मारावा लागतो, पण पांढऱ्या छतानं खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो आणि याहून स्वस्त काही नाही. त्याआधी स्लॅबच्या भेगा भरून घ्या. सळ्यांवर नुसतं प्लास्टर मारू नका. गंज वायर ब्रशनं पूर्ण काढायचा, गंजरोधक लावायचं, मग पॉलिमर मिसळलेला मसाला. कडुनिंब लावाच, पण भिंतीपासून पंचवीस-तीस फूट लांब. जवळच्या झाडाची मुळं पायाखालची ओल ओढतात आणि पुन्हा भेगा.

चांदा_भाऊ :
ताई, टिना इतक्या वाईट नसतात. स्लॅबवर माणूस उभा राहील एवढी जागा सोडा, बाजू उघड्या ठेवा, चांगली सावली पडते. आमच्याकडे लोक बाजू बंद करून कापूस भरतात, मग भट्टी होते. आणि वावधानात (वादळी वाऱ्यात) उडू नये म्हणून अँगल स्लॅबला बोल्टनं कसा, दगड ठेवून भागत नाही.

काळी_जमीन :
भाऊ, ज्या स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्यात त्याला बोल्ट मारायचा? तिथं शेड हवंच असेल तर खांब जमिनीतून घ्या. म्हणजे खर्च वाढला. ताई, अशी घरं किती ते आधी मोजा, त्यांची यादी वेगळी करा आणि पंचायत समितीच्या अभियंत्याकडून पाहणी करून घ्या. त्या घरांत चुन्याच्या आधी दुरुस्ती.

धागाकर्ती :
दोघांचेही आभार. वरवर पाहिलं तर नऊ घरं तशी दिसतात, पाहणीसाठी अर्ज देते. आणखी एक : रस्ता फोडलाच तर निघालेले सिमेंटचे तुकडे शोषखड्ड्यात भरायला चालतील का? गिट्टीचा खर्च वाचेल.

काळी_जमीन :
चालतील. मुठीएवढे करून घ्या आणि धुऊन टाका, नाहीतर भुकटीनं खड्डा लवकर बुजतो. मोठे तुकडे खाली, बारीक वर.