पॅसेजच्या भिंतीवर विद्वानांची व्यक्तिचित्रे कॅनव्हासवर लावायची आहेत : मदत हवी आहे

नमस्कार.

आमचे घर परळला, पुनर्विकासानंतर मिळालेल्या इमारतीत सहाव्या मजल्यावर आहे. दिवाणखान्यातून आतल्या खोल्यांकडे जाणारा पॅसेज अकरा फूट लांब आणि जेमतेम साडेतीन फूट रुंद असून, त्याच्या एका भिंतीवर मुंबईत काम केलेल्या विद्वानांची व्यक्तिचित्रे कॅनव्हासवर छापून लावावीत असे पत्नीने आणि मी ठरवले आहे. एक नमुना छापून घेतला, तो पार फसला, आणि तेव्हापासून काम अडले आहे.

पाच नावे नक्की केली आहेत : बाळशास्त्री जांभेकर, का. त्र्यं. तेलंग, रा. गो. भांडारकर, पंडिता रमाबाई आणि पां. वा. काणे. तेलंग हे मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू, आणि १८९३ साली वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेल्यावर ते पद भांडारकरांकडे आले; त्यामुळे ही दोन चित्रे शेजारीशेजारीच हवीत, हा माझा हट्ट. रमाबाईंचे शारदा सदन १८८९ साली मुंबईत सुरू झाले खरे, पण पुढच्याच वर्षी पुण्याला हलले, म्हणून त्या ‘मुंबईच्या’ यादीत बसतात का अशी शंका मी काढली होती. ती शंका मी पुन्हा काढणार नाही.

आता नमुन्याविषयी. भांडारकरांचे छायाचित्र मी एका जुन्या छापील पुस्तकातून स्कॅन केले. ते जेमतेम ११०० बाय १५०० पिक्सेलचे होते. १८ बाय २४ इंचांवर ते इंचाला साठ-एकसष्ट पिक्सेल एवढेच भरते, आणि कॅनव्हासला निदान १५० तरी लागतात, हे मला छपाई झाल्यावर कळले. शिवाय जुन्या छपाईतले ठिपके मोठे होऊन चेहऱ्यावर जाळी पसरल्यासारखे दिसू लागले. दुकानदाराने ‘सॉफ्टवेअरने साफ करून देतो’ म्हणून सांगितले, आणि खरोखरच साफ केले : डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या गेल्या, गाल कॉलेजातल्या मुलासारखे गुळगुळीत झाले आणि पगडीचे पीळ वितळून प्लास्टिकची टोपी घातल्यासारखे दिसू लागले. उरलेसुरले काम चौकटीने केले, कारण कॅनव्हास कडेवरून मागे वळवण्यासाठी चारी बाजूंनी दीड-दोन इंच जागा सोडावी लागते हे कोणी विचारात घेतले नव्हते, आणि पगडीची एक बाजू थेट चौकटीच्या जाडीवर गेली. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “हे आपल्यातले कोण रे? हार घालायचा का?”

हे चित्र दिवाणखान्यात दहा फुटांवरून कदाचित खपून गेले असते. पॅसेजमधून मात्र माणूस दीड-दोन फुटांवरून जातो. म्हणून माझा मुख्य प्रश्न असा आहे की, मूळ चित्र एवढे लहान असताना आकार १२ बाय १६ इंचांवर आणणे योग्य, की पुस्तकातून अधिक रिझोल्यूशनवर पुन्हा स्कॅन करून ठिपके हलक्या हाताने कमी करणे योग्य? आकार लहान केला तरी इंचाला नव्वद-ब्याण्णवच पिक्सेल मिळतात, आणि पुन्हा स्कॅन केल्याने मूळ छपाईत नसलेला तपशील येणार नाही, हे मला समजते. तरीही चेहरा यंत्राने नव्याने घडवण्यापेक्षा थोडा धूसर राहिलेला मला चालेल. याच कारणासाठी कृष्णधवल छायाचित्रांत यंत्राकडून रंग भरून घेणे मला नको आहे. जांभेकर १८४६ साली वारले, म्हणजे छायाचित्रणाची कला जगापुढे येऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती, आणि त्यांचे म्हणून जे छापले जाते ते हाताने काढलेले चित्र आहे. ते बाकीच्या चार छायाचित्रांच्या ओळीत उपरे वाटू नये म्हणून पाचही एकाच तपकिरी छटेत छापावीत का?

स्वामित्वहक्काचे मी पाहिले आहे. छायाचित्रावरील हक्क पूर्वी प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपत असे, २०१२ च्या कायदादुरुस्तीपासून तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, त्यामुळे चिंता काय ती काण्यांपुरती. ते १९७२ पर्यंत होते, म्हणून त्यांचे जुन्या काळी प्रसिद्ध झालेलेच छायाचित्र घेणार आहे.

दुसरी काळजी ओलीची. या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या दोन फुटांत रंगाला पोपडे येतात. दुकानदार म्हणतो, वरून लॅमिनेशन केले की झाले. परंतु ओल मागून येत असताना समोरच्या लॅमिनेशनचा काय उपयोग, हे मला उमगत नाही. चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून अर्धा इंच अंतर ठेवावे, असा माझा विचार आहे. सुती कॅनव्हासला बुरशी लवकर धरते, म्हणून पॉलिएस्टरचा घ्यावा का, आणि मुंबईच्या चार-पाच पावसाळ्यांनंतर साध्या पाइनच्या लाकडाच्या चौकटी वाकल्याचा अनुभव कोणाला आहे का? ज्यांच्या घरी असे कॅनव्हास काही वर्षे टिकले आहेत, त्यांनी कापड, शाई आणि चौकट नेमकी कोणती घेतली ते कृपया सांगावे. फसलेला नमुना सध्या कपाटामागे उभा आहे. आईने त्याच्या चौकटीला कुंकू लावलेले काल दिसले.